जाड लाकडी स्लॅब चिरायचा आणि वाळवायचा कसा

मोठा स्लॅब, म्हणजे टेबलासाठी ओंडक्यातून उभी चिरलेली जाड रुंद फळी, बहुतेक वेळा पहिल्या महिन्याभरातच बिघडतो, पुढची दोन वर्षं आपण फक्त तेव्हा पडलेल्या चिरा मोठ्या होताना बघत बसतो. म्हणून या कामात सगळ्यात जास्त लक्ष सुरुवातीला द्यायचं.

झाड पाडलं की त्याच दिवशी ओंडक्याची दोन्ही टोकं सील करा. लाकडातली ओल त्याच्या उभ्या रेषांच्या, म्हणजे लांबीच्या दिशेने पळते, टोकाकडून ती सपाट बाजूपेक्षा १० ते १५ पट वेगाने उडते, त्यामुळे टोक वाळून आक्रसायला लागतं आणि त्याच्या मागचं लाकूड अजून ओलं, फुगलेलं असतं, मग टोक फाटणारच. मेणाचं एंड सीलर मिळालं तर उत्तम, नाहीतर घरात उरलेला ऑइल पेंट जाड जाड दोन-तीन हात मारा. मी एकदा आठ-दहा दिवस उशीर केला होता, टोकाला केसाएवढ्या बारीक चिरा दिसत होत्या, वाटलं वरवरच्या असतील, कापून बघितलं तर वीतभर आत गेलेल्या. तेव्हापासून टेबल जेवढं लांब हवं त्यापेक्षा ओंडका दोन्हीकडे १५-२० सेंमी जास्तच ठेवतो.

चिरायच्या आधी मेटल डिटेक्टर फिरवा. जुन्या झाडात खिळे, तारा सालीखाली पार गिळलेल्या असतात. टोकावर निळसर काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असंच धरा, लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) लोखंडाला लागलं की तो रंग येतो. आडव्या वाढलेल्या जाड फांदीचा स्लॅब करायच्या भानगडीत मात्र पडू नका, त्यात ताण साठलेला असतो आणि कितीही नीट वाळवा, तो पिळवटतोच.

बँडसॉ मिलवर (पट्ट्यासारख्या करवतीच्या यंत्रावर) एका कापात २-३ मिमी लाकूड जातं, चेनसॉ मिलवर (चौकटीत बसवलेल्या साखळी करवतीवर) ८-१० मिमी, पण खूप रुंद बुंधा असेल तर बऱ्याचदा चेनसॉच चालतो. त्याला साधी चेन लावू नका, दात साधारण १० अंशात घासलेली रिपिंग चेन (लाकूड लांबीत चिरायची साखळी) लावा, नाहीतर इंजिन दमतं आणि फळीवर लाटा उठतात. पहिला काप सरळ आला पाहिजे, म्हणून ओंडक्यावर सरळ शिडी किंवा पट्टी स्क्रूने बसवून तिच्यावरून मिल चालवा, पुढचे सगळे काप त्याच्याच अंगाने जातात. काप पुढे सरकला की मागे पाचरा ठोकत राहा, नाहीतर वरच्या फळीचं वजन बारवर, म्हणजे चेन फिरते त्या पात्यावर येतं. कानाला, डोळ्याला आणि नाकाला संरक्षण हवंच.

जाडी किती? तयार टेबल ५ सेंमी हवं तर ६.५ ते ७ सेंमी कापा, स्लॅब मीटरभर रुंद असेल तर अजून थोडं वाढवा, कारण तो वाकणार आणि ते वाकलेलं रंधून काढावं लागणार. झाडाच्या बरोबर मधला, वाढीची वर्तुळं जिथून सुरू होतात तो बिंदू ज्या फळीत येतो ती जवळपास नक्की मधोमध फाटते, ती तिथेच उभी चिरून दोन फळ्या करा.

आता थप्पी. जमिनीपासून फूट-दीड फूट वर, एका पातळीत पाया करा, पाया वाकडा तर स्लॅब वाकडाच वाळतो. दोन फळ्यांच्या मधे दोन-अडीच सेंमी जाडीच्या सारख्या पट्ट्या, ४०-५० सेंमीवर एक, आणि सगळ्या एकाखाली एक एकाच रेषेत, ही रेष चुकली की वजन फळीच्या अधांतरी भागावर येतं. पट्ट्या वाळलेल्याच हव्यात, ओल्या पट्ट्या ठेवल्या तर प्रत्येक पट्टीखाली काळपट पट्टा उमटतो आणि तो बऱ्याचदा रंध्यानेही जात नाही. वर पत्रा आणि भरपूर वजन, बाजू उघड्या. पण पहिल्या काही आठवड्यांत थेट ऊन आणि जोराचा वारा नको, तेवढे दिवस बाजूला शेडनेट लावा. प्लास्टिकमधे गुंडाळू नका, बुरशी येते. कडेच्या पांढऱ्या लाकडाला कीड लवकर लागते, म्हणून ओलं असतानाच बोरेटचं (कीड मारणाऱ्या बोरॉनच्या क्षाराचं) पाणी मारून घ्या.

इंचाला एक वर्ष हा हिशेब सगळे सांगतात, तो ढोबळच आहे, घट्ट लाकडाला जास्त लागतं आणि जाडी दुप्पट झाली की वेळ दुपटीहून वाढतो. ओल साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेल्यावरच लाकूड खरं आक्रसायला लागतं. समजा एखादं लाकूड तिथून पूर्ण कोरडं होईपर्यंत आडवं ६ टक्के आक्रसतं, तर मीटरभर रुंद स्लॅब १६ वरून १० टक्क्यांवर आला की (३० टक्के ओल गेली की ६ टक्के, म्हणजे ६ टक्के गेली की १.२) जवळजवळ १२ मिमी कमी होतो. त्यामुळे अर्धवट वाळलेल्या स्लॅबचं टेबल करायचंच नाही.

ओल मोजायचा मीटर नुसता वरून टेकवू नका, वरचा थर आधी वाळतो. दोन खिळे आतपर्यंत ठोका आणि मीटरच्या पिना त्यांना लावा, मीटरवर लाकडाची जात सेट करायला विसरू नका. तरी शंका असेल तर फळीचं वजन करा, महिनाभर वजन हललं नाही म्हणजे हवेशी तिचा मेळ बसला. नुसत्या हवेवर साधारण १२ ते १६ टक्क्यांपर्यंतच उतरतं, घरातल्या फर्निचरला कोरड्या हवेत ६-८ आणि दमट हवेत १०-१२ लागतात, तिथपर्यंत किल्न (लाकूड वाळवायची भट्टी) किंवा डीह्युमिडिफायरची बंद खोली वापरा. किल्नमधे गाभ्याला ५६ अंश सेल्सिअस अर्धा तास मिळालं की आतली कीडही मरते. ओला स्लॅब थेट गरम किल्नमधे टाकू नका, बाहेरून ठीक दिसतो आणि आत पोकळ भेगा पडतात.

मग राउटर स्लेडवर (राउटर रुळांवरून सरकवून फळी सपाट करायच्या चौकटीवर) दोन्ही बाजूंनी सारखंच लाकूड काढा, एकदा ढोबळ सपाट करून दोन-तीन आठवडे पट्ट्यांवर ठेवा आणि हललं तेवढं पुन्हा काढा. पायाच्या फ्रेमला स्क्रूची भोकं स्लॅबच्या रुंदीच्या दिशेने लांबट पाडा, स्लॅबला सरकायला जागा राहते. फिनिश वर तीन हात दिलं असेल तर खालच्या बाजूलाही तीनच हात द्या.