अल्पवयीन रुग्ण एकटा दवाखान्यात येतो तेव्हा

पाळी चुकल्याने घाबरलेली सोळा वर्षांची मुलगी किंवा महिनोन्‌महिने झोप न लागणारा सतरा वर्षांचा मुलगा घरी कोणालाही न सांगता दवाखान्यात येतो, तेव्हा त्याला बहुधा एकच उत्तर मिळते : ‘आधी आईबाबांना घेऊन ये.’ हे उत्तर देणाऱ्या डॉक्टरांना ते कायद्याला धरून वाटते. परंतु मुलाचे म्हणणे ऐकून घेऊ नका किंवा त्याला माहिती व सल्ला देऊ नका, असे कोणताही भारतीय कायदा सांगत नाही. परत पाठवलेले मूल पालकांसह पुन्हा येईलच याची खात्री नसते आणि अनेकदा ते औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून स्वतःच उपाय करते. म्हणून त्याला आधी बसवून घ्यावे.

एकही खाजगी प्रश्न विचारण्यापूर्वी गोपनीयतेची मर्यादा स्पष्ट करावी. ‘तू सांगशील ते मी आपणहून तुझ्या घरी सांगणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे असे वाटले, किंवा तुझे कोणाशी शरीरसंबंध आले आहेत असे कळले, तर मला ते कळवावेच लागते. कळवण्याआधी तुला सांगेन,’ एवढे साध्या शब्दांत म्हणावे. सरसकट ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते मोडावे लागले तर त्या मुलाचा पुढच्या प्रत्येक डॉक्टरवरचा विश्वास उडतो. मूल पालकांसोबत आले असले तरी काही मिनिटे त्याच्याशी एकट्याने बोलण्याचा शिरस्ता ठेवावा. तो सर्वांनाच लागू असला की कोणालाही त्यात संशयास्पद वाटत नाही.

संमतीचा प्रश्न एका वयावर मिटत नाही. सज्ञान होण्याचे वय १८ आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८ नुसार बारा वर्षांखालील मुलाची संमती सामान्यतः संमती ठरत नाही, आणि त्यावरून बारा वर्षांपुढील समंजस मुलाची साध्या तपासणीसाठीची संमती ग्राह्य धरण्याची रीत वैद्यकीय व्यवहारात आहे. शस्त्रक्रियेसाठी मात्र आई, वडील किंवा पालक यांची लेखी संमती घेण्याचे बंधन २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांत आहे. पुरेशी समज असलेले सोळा वर्षांखालील मूल स्वतःच्या उपचारांना संमती देऊ शकते, असे सांगणाऱ्या इंग्लंडमधील १९८५ च्या गिलिक निकालाचा दाखला आपल्याकडेही दिला जातो, पण तसे तत्त्व भारतीय कायद्याने स्वीकारलेले नाही. त्याच्या आधारावर निर्णय घेऊ नयेत. जीव धोक्यात असेल आणि पालक वेळेत भेटणे शक्य नसेल, तर न्याय संहितेचे कलम ३० सद्‌हेतूने केलेल्या उपचारांना संरक्षण देते. अशा वेळी उशीर करणे हाच दोष आहे.

सर्वांत अवघड पेच पोक्सो कायद्याचा, म्हणजे २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीची लैंगिक संबंधांना संमती तो मानत नाही, त्यामुळे दोन समवयस्कांचे परस्परसंमतीने आलेले संबंधही त्याच्या कक्षेत येतात. कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या प्रत्येक व्यक्तीने ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे सक्तीचे आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. या भीतीने काही डॉक्टर प्रश्नच विचारत नाहीत. मला हे घातक वाटते, कारण त्या न विचारलेल्या प्रश्नामागे घरातल्याच माणसाकडून होणारा अत्याचार लपलेला असू शकतो. डॉक्टरांनी तपास करायचा नसतो. मुलाने सांगितले ते त्याच्याच शब्दांत केसपेपरवर नोंदवावे आणि कळवावे. उपचार मात्र पोलिसांसाठी थांबवू नयेत : गुन्हा नोंदलेला नसला तरी तपासणी करता येते, आणि पीडितेला मोफत प्रथमोपचार वा वैद्यकीय उपचार देणे खासगी रुग्णालयांवरही बंधनकारक आहे. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने, आणि पालकाच्या किंवा तिचा विश्वास असलेल्या व्यक्तीच्या उपस्थितीत करावी.

गर्भपातासाठी अल्पवयीन मुलीच्या पालकाची लेखी संमती लागते. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यातील ‘पालक’ म्हणजे तिची काळजी घेणारी व्यक्ती. त्यामुळे वडील धोकादायक असतील तर तिला सांभाळणारी मावशी किंवा आजी यांचा विचार करता येतो, आणि कोणीच नसेल तर बाल कल्याण समितीकडे जावे. अल्पवयीन मुलींसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत आहे, पण २० आठवड्यांनंतर दोन नोंदणीकृत डॉक्टरांचे मत लागते. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात स्पष्ट केले आहे की, मुलीने व पालकाने विनंती केल्यास पोक्सोखाली कळवताना डॉक्टरांनी तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. ही सवलत मुलीला आणि तिच्या आईला आपणहून सांगावी, कारण बदनामीच्या भीतीनेच अनेक मुली अप्रशिक्षित व्यक्तीकडे जातात.

मानसिक आजारासाठी मुलाशी बोलण्यास अडचण नाही, परंतु मानसोपचार रुग्णालयात दाखल करण्यासाठी २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्याची स्वतंत्र प्रक्रिया आणि पालकांचा अर्ज आवश्यक असतो. आत्महत्येचा विचार बोलून दाखवला तर गुप्तता बाजूला ठेवून घरातील जबाबदार मोठ्या माणसाला त्याच दिवशी बोलवावे. कोणाला बोलवायचे हे शक्यतो मुलालाच निवडू द्यावे.

गुपित बहुतेक वेळा डॉक्टरांकडून नव्हे, तर दवाखान्याच्या व्यवस्थेतून फुटते. प्रयोगशाळेचा अहवाल वडिलांच्या व्हॉट्सॲपवर जातो, कंपाउंडर प्रतीक्षा कक्षात आजाराचे नाव मोठ्याने घेतो, बिलावर तपासणीचे नाव छापले जाते. म्हणून अहवाल कोणाच्या हाती द्यायचा आणि फोन कोणत्या क्रमांकावर करायचा हे मुलाला आधीच विचारून केसपेपरवर लिहावे, आणि कर्मचाऱ्यांना तसे बजावावे. मूल निघण्यापूर्वी त्याला जवळच्या शासकीय रुग्णालयातील किशोरवयीनांसाठीच्या ‘मैत्री’ क्लिनिकचा पत्ता, १०९८ ही बाल मदतवाहिनी आणि १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक द्यावा, पण घरी सापडेल अशा चिठ्ठीवर कारण लिहू नये, आणि पुन्हा भेटीची तारीख त्याच्या शाळा-क्लासच्या वेळा विचारून ठरवावी.