या चुका टाळा: न वाजणारे आणि न घसरणारे लाकडी मचाण

कोल्हापूरच्या पश्चिमेला, राधानगरी, भुदरगड आणि गगनबावडा या तालुक्यांत, अनेक गावांच्या शिवाराला जंगल लागूनच असते. भात पोटरीला आले किंवा उसाने कांडी धरली की गवे आणि रानडुकरे रात्री खाली उतरतात, आणि मग राखणीसाठी बांधावर माळा किंवा मचाण उभे राहते. उन्हाळ्यात हेच मचाण पाण्यावर येणारे सांबर किंवा भेकर पाहण्याच्या कामी येते. असे मचाण घरच्या घरी बांधणाऱ्यांच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात: एक, बूड हलवले की ते वाजते, दोन, पावसाळ्यात त्याच्यावर पाय ठरत नाही. या दोन तक्रारींचे उपाय लोक वेगवेगळे करतात आणि तिथेच फसतात, कारण आवाज घालवणाऱ्या बऱ्याच गोष्टी पाय घसरवतात आणि पाय धरून ठेवणाऱ्या बऱ्याच गोष्टी आवाज करतात. कोणताही उपाय करताना दोन्ही बाजूंनी तपासावा, हे मला दोन मचाणे आणि एक गुडघा खर्ची घातल्यावर कळले.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, त्यामुळे येथे विचार केला आहे तो फक्त राखणीच्या आणि निरीक्षणाच्या मचाणाचा, आणि तेही स्वतःच्या रानात बांधलेल्या. राधानगरी अभयारण्यात किंवा वन विभागाच्या कोणत्याही जागेत स्वतःहून खांब रोवता येत नाहीत.

खिळ्यांवर भिस्त ठेवणे

सर्वांत जास्त आवाज खिळ्यांमुळे होतो. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. हा फरक लांबीत जवळजवळ जाणवत नाही, पण रुंदीत आणि जाडीत चांगलाच जाणवतो. खिळा मात्र आहे तसाच राहतो. दोन पावसाळ्यांत खिळ्याभोवतीचे भोक सैल होते, खिळा केसभर वर येतो आणि फळीवर वजन पडले की ती त्या खिळ्यावरून वरखाली सरकते. आपल्याला ऐकू येणारी कुरकुर म्हणजे हेच घर्षण होय. माझे पहिले मचाण पाहून गावातले सुतारमामा म्हणाले होते, "खिळं पाणी पिऊन ढिलं हुत्यात, दादा. पुन्हा ठोकून काय उपेग न्हाई." पुन्हा ठोकलेला खिळा त्याच रुंदावलेल्या भोकात जातो, त्यामुळे आठवडाभर शांतता मिळते आणि नंतर कुरकुर पुन्हा सुरू होते.

खांब, तुळया आणि कैच्या (तिरपे आधार) यांच्या सांध्यांना जस्ताचा मुलामा दिलेले 10 किंवा 12 मिलिमीटरचे नटबोल्ट वापरावेत आणि दोन्ही बाजूंना मोठे वॉशर घालावेत, म्हणजे आवळताना नट लाकडात रुतत नाही. भोक गिरमिटाने बोल्टच्या मापाचेच पाडावे. ते सैल पडले तर सांधा हलणारच. हादऱ्याने नट मागे सरकू नये यासाठी आत नायलॉनची कडी असलेला नायलॉक नट बसवावा किंवा एका नटावर दुसरा आवळावा. फळ्यांसाठी स्क्रू पुरेसे होतात, मात्र स्क्रूपेक्षा थोडे बारीक भोक आधी पाडून घेतले नाही तर फळीचे टोक उकलते. बांधून झाल्यावर काम संपत नाही. दिवाळीनंतर लाकूड वाळू लागते, तेव्हा एकदा आणि ऐन उन्हाळ्यात एकदा, असा दोनदा प्रत्येक नटावर पाना फिरवावा.

लाकडावर लाकूड थेट टेकवणे

सांधा कितीही घट्ट असला तरी दोन कोरड्या लाकडांच्या मध्ये थोडी हालचाल उरतेच. म्हणून फळी आणि तुळई यांच्या मध्ये ट्रॅक्टरच्या किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घालावी. पंक्चरच्या दुकानात ती जवळजवळ फुकट मिळते. पट्टी तुळईपेक्षा थोडी अरुंद कापावी, नाहीतर बाहेर आलेल्या कडेवर पाणी साचते आणि तिथूनच लाकूड कुजायला सुरुवात होते. दोन फळ्यांच्या मध्ये सुमारे पाव इंच फट ठेवावी. फट नसेल तर फुगलेल्या फळ्या एकमेकींना घासून वाजतात, वर पाणी तुंबते आणि शेवाळ धरते, म्हणजे या एका चुकीतून दोन्ही तक्रारी जन्माला येतात.

ताजे तोडलेले लाकूड वापरणे हीही अशीच दुहेरी चूक आहे. बांधावरची निलगिरी स्वस्त पडते, पण ती वाळताना पिळते आणि तडकते, आणि मग चार पायांपैकी एक पाय कायमचा अधांतरी राहतो. बाभूळ चिवट आणि कणखर असते, मात्र तीही सावलीत रचून नीट वाळवूनच वापरावी. बांबूच्या मचाणाबद्दल माझे मत फारसे चांगले नाही: बांबूची साल मुळातच गुळगुळीत असते, ओली झाल्यावर ती काचेसारखी होते, आणि दोरीने बांधलेले सांधे बांबू सुकला की सैल पडतात. बांबूच वापरायचा असेल तर तो छपराला आणि आडोशाला वापरावा, पाय ठेवायच्या जागी नको.

पायऱ्यांना जळके ऑइल फासणे

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्यावर थोडे जास्त लिहितो. वाळवी लागू नये म्हणून गाडीचे जळके ऑइल लाकडाला फासण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. मी मे महिन्यात सगळे मचाण, शिडीच्या पायऱ्यांसकट, त्याने रंगवून काढले. कुरकुर खरोखरच कमी झाली, कारण तेल सांध्यांत मुरले होते, आणि मी मोठ्या समाधानाने पहिल्या पावसाची वाट पाहत बसलो. पहिल्या वळिवानंतर खाली उतरताना वरून तिसऱ्या पायरीवर टाच ठेवली आणि उरलेली शिडी मी पाठीने उतरलो. तेलकट लाकडावर पाण्याचा थर आणि त्यावर तांबड्या मातीने भरलेला बुटाचा तळ असे सगळे एकत्र आल्यावर दुसरे काही होणे शक्य नव्हते.

ऑइल असो, काजूच्या टरफलांचे तेल असो किंवा बाजारातले वाळवीनाशक असो, ते खांबांना आणि फळ्यांच्या खालच्या अंगाला लावावे. काजूच्या टरफलांच्या तेलाने कातडी भाजते, म्हणून हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावू नये. पाय आणि हात जिथे टेकतात ती जागा मात्र तेलापासून लांबच ठेवावी. सांध्यातली कुरकुर थांबवायला तेलाऐवजी मेण घासावे. साधी मेणबत्तीही चालते. मेण जागेवर राहते, ओघळत नाही आणि त्याला धूळ कमी चिकटते. ऑइलचा उग्र वासही बरेच दिवस टिकतो, आणि गव्याचे नाक तीक्ष्ण असते, हे निरीक्षणासाठी बसणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

पायऱ्यांसाठी मला सर्वांत पटलेला उपाय कोल्हापुरातच सहज सापडतो. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागांतल्या फाउंड्र्यांमुळे साच्यांसाठी लागणारी सिलिका वाळू येथे अनोळखी नाही. पायरी तारेच्या ब्रशने घासून पूर्ण कोरडी करावी, प्रायमरचा हात द्यावा, त्यावर ऑइल पेंटचा जाडसर हात देऊन तो ओला असतानाच चहाच्या गाळणीतून कोरडी वाळू एकसारखी भुरभुरावी. दुसऱ्या दिवशी सुटी वाळू झाडून टाकावी आणि वरून रंगाचा एक पातळ हात द्यावा. या वाळूची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते, त्यामुळे तोंडाला मास्क बांधून आणि वाऱ्याकडे पाठ करून हे काम करावे.

आता याच उपायाची दुसरी बाजू. वाळूचा हाच थर वरच्या बैठकीच्या फळ्यांना दिला तर प्रत्येक हालचालीला बुटाखाली खर्र असा आवाज होतो, आणि रात्रीच्या शांततेत तो दूरवर जातो. म्हणून वाळू फक्त पायऱ्यांवर आणि चढून पहिला पाय टाकतो त्या फळीवर लावावी. उरलेल्या बैठकीवर गोठ्यात म्हशींखाली घालतात ती रबरी मॅट अंथरावी. ती वजनदार असल्यामुळे सरकत नाही, वरच्या नक्षीमुळे पाय धरून ठेवते आणि पावलाचा धप्प आवाज गिळून टाकते. मॅटखाली ओल कोंडते, तेव्हा पावसाची उघडीप मिळाली की ती उचलून उभी करावी. गोणपाट किंवा जुनी सतरंजी अंथरणारे बरेच जण आहेत. कोरड्या दिवसांत ते ठीक आहे, पावसात मात्र पोते पायाखालून सरकते.

शेवाळ धरलेच तर त्यावर माती टाकून चालू लागण्याची घाई करू नये. ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने ते भिजवून काथ्याच्या ब्रशने घासावे आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे, कारण ही पावडर राहिली तर बोल्ट गंजतात.

शिडी आणि पाया यांकडे दुर्लक्ष करणे

शिडीच्या पायऱ्या गोल काठ्यांच्या नसाव्यात, चपट्या असाव्यात, आणि त्यांच्यातील अंतर पहिल्यापासून शेवटपर्यंत एक फूटच असावे. अंधारात पाऊल मोजणीने पडते आणि एखादी पायरी वेगळी असली तर तिथेच चुकते. बैठक दहा फुटांवर असेल तर शिडीचा पाय अडीच फूट पुढे घ्यावा. धरायचे दांडे बैठकीच्या वर तीन फूट तरी जावेत. बॅटरी, पाणी आणि घोंगडे हातात घेऊन चढू नये, वर गेल्यावर दोरीने ओढून घ्यावे. अमेरिकेत हरणांच्या शिकारीसाठी झाडांवर अशाच उंच बैठका बांधतात आणि तिथे शिकाऱ्याला जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत अंगात पट्टा घालून ठेवण्याची शिकवण दिली जाते. बांधकामावर मिळणारा पूर्ण अंगाचा सुरक्षा पट्टा आपल्यालाही तेवढाच उपयोगी आहे.

खांब काळ्या मातीत रोवले तर उन्हाळ्यात जमीन भेगाळते, खांब सैल होतात आणि वर कितीही बोल्ट आवळले तरी मचाण डुलते व वाजते. अशा रानात खांब दगडी किंवा काँक्रीटच्या पायावर लोखंडी पट्टीने जखडावेत आणि चारही बाजूंना तिरप्या कैच्या द्याव्यात. मचाण झाडाला जखडण्याचा मोह अनेकांना होतो. झाड वाऱ्याने हलते, खांब हलत नाहीत आणि त्या ओढाताणीत सांधे रडतात. मचाण चार खांबांवर स्वतंत्र उभे करावे आणि झाड केवळ सावलीपुरते ठेवावे. आजरा आणि चंदगड भागात जिथे हत्तींचा वावर आहे तिथे लाकडी मचाणावर रात्र काढण्याचा विचारच करू नये.

पत्र्याच्या छपराबद्दल एवढेच, की दिवसभर तापलेला पत्रा सूर्यास्तानंतर आकसताना टकटक वाजतो, म्हणजे जनावर बाहेर पडायच्या वेळेलाच. गवताने शाकारलेले छप्पर त्यापेक्षा बरे.

आवाज न शोधताच सगळे आवळत सुटणे

एवढे करूनही कुरकुर राहिली तर एकाने वर बसून सावकाश वजन या बाजूवरून त्या बाजूवर टाकावे आणि दुसऱ्याने खाली एकेका सांध्यावर तळहात ठेवत फिरावे. कान फसवतो, कारण लाकडातून आवाज दुसऱ्या टोकाला जातो. तळहाताला मात्र थरथर नेमक्या सांध्यावर लागते. तेवढाच सांधा उघडून त्यात रबर किंवा मेण घालावे.

माझ्या दुसऱ्या मचाणावर सगळे सांधे शांत झाल्यानंतरही एक बारीक करकर उरली होती. दोन संध्याकाळी पाना आणि मेणबत्ती घेऊन आम्ही ती शोधत होतो. तिसऱ्या संध्याकाळी मी वर मांडी घालून बसलो तेव्हा ती आली नाही, पाय खाली सोडल्यावर लगेच आली. ती माझ्या पायातल्या कोल्हापुरी चपलेची होती. आता शिडीच्या बुडाशी एक खुंटी आहे, चप्पल तिला अडकवून ठेवतो आणि रबरी तळाचे कापडी बूट घालून वर जातो.