आरसी ट्रकसाठी ईएससी निवडताना या चुका टाळा

आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या ट्रकच्या मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर, म्हणजेच ईएससी, घेताना बहुतेक जण खोक्यावरचा अँपिअरचा आकडा आधी पाहतात, आणि गोंधळाला सुरुवात तिथेच होते. वास्तविक ईएससी स्वतःहून मोटरमध्ये प्रवाह ढकलत नाही. ट्रकचे वजन, चाकांचा व्यास, गिअरचे प्रमाण आणि जमीन यांमुळे जितका भार येतो, तितका प्रवाह मोटर ओढून घेते. त्यामुळे मोटर, बॅटरी आणि गिअर ठरल्याशिवाय ईएससी ठरवताच येत नाही. शिवाय खोक्यावर ठळक छापलेला आकडा अनेकदा क्षणिक प्रवाहाचा असतो. निवड नेहमी सलग प्रवाहाच्या आकड्यावर करावी. १:१० प्रमाणाच्या ट्रकसाठी साधारणपणे ६० ते १२० अँपिअरचे आणि १:८ प्रमाणाच्या जड ट्रकसाठी १२० ते १५० अँपिअरचे ईएससी वापरले जातात. उंच गवतात किंवा वाळूत ट्रक चालवायचा असेल, तर वरच्या बाजूला झुकणे शहाणपणाचे ठरते.

व्होल्टेजच्या बाबतीत मात्र अशी लवचीकता नाही. लायपोच्या, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीच्या, एका सेलचे नाममात्र व्होल्टेज ३.७ असले, तरी पूर्ण चार्ज झाल्यावर ते ४.२ असते; म्हणजे ‘११.१ व्होल्ट’ असे लिहिलेली ३एस, म्हणजे तीन सेलची, बॅटरी चार्जरवरून काढताच १२.६ व्होल्ट देते आणि ४एस बॅटरी १६.८. ३एसपर्यंतच चालणाऱ्या ईएससीला ४एस बॅटरी जोडली, तर ट्रक जागचा हलण्याआधीच आतले कपॅसिटर किंवा मॉसफेट (प्रवाह चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) जळू शकतात. ईएससीची मर्यादा ३एसची असली, तरी २एसवरून ३एसवर जाताना पिनियन (मोटरवरचा लहान गिअर) तोच ठेवणे ही दुसरी चूक होय. ३,००० केव्हीची (दर व्होल्टमागे मिनिटाला ३,००० फेरे घेणारी) मोटर ७.४ व्होल्टवर भाराविना मिनिटाला सुमारे २२,२०० फेरे घेते आणि ११.१ व्होल्टवर ३३,३००. वेग दीडपट होतो, प्रवाहही वाढतो, म्हणून पिनियनचे दात कमी करावे लागतात.

मोटरच्या प्रकाराकडे होणारे दुर्लक्षही महागात पडते. ब्रश्ड (आत कार्बन ब्रश असलेल्या) मोटरला दोन तारा असतात, तर ब्रशलेस मोटरला तीन, आणि दोन्ही चालवू शकणारे ईएससी मोजकेच असतात. ब्रश्ड ईएससीवर मोटरच्या टर्नची (आतल्या तारेच्या वेढ्यांची) किमान मर्यादा दिलेली असते. टर्न जितके कमी, तितकी मोटर जास्त प्रवाह ओढते, त्यामुळे या मर्यादेखालची मोटर जोडू नये. जुन्या ब्रश्ड मोटरच्या टोकांवर कधीकधी शॉट्की डायोड (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा भाग) लावलेला असतो. मागे जाऊ शकणाऱ्या ईएससीबरोबर तो काढलाच पाहिजे, कारण रिव्हर्स देताच तो शॉर्ट सर्किट घडवतो. ट्रक उलट्या दिशेने धावत असेल, तर सेन्सर नसलेल्या ब्रशलेस मोटरच्या कोणत्याही दोन तारांची अदलाबदल चालते. सेन्सरची केबल जोडलेली असताना मात्र तसे करू नये, दिशा सेटिंगमधून बदलावी. विमानासाठी बनवलेला ईएससी ट्रकला लावण्याचा मोहही टाळावा. त्याला बहुधा रिव्हर्स नसतो आणि तो थंड होण्यासाठी पंख्याच्या झोतावर अवलंबून असतो.

सर्वांत जास्त दिशाभूल करणारा दोष बीईसीचा असतो. रिसिव्हर (रिमोटचे संदेश घेणारा भाग) आणि सर्व्हो (चाके वळवणारी छोटी मोटर) यांना वीज पुरवणारा हा भाग ईएससीच्या आतच असतो, आणि खरेदीच्या वेळी त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. जोरदार सर्व्हो अडकलेल्या चाकांवर जोर लावतो, तेव्हा तो एकटाच काही अँपिअर ओढतो. बीईसी तेवढा प्रवाह देऊ शकला नाही, तर व्होल्टेज कोसळते, रिसिव्हर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि दोष मात्र रिमोटच्या पल्ल्याला दिला जातो. याची खात्री घरी करता येते. ट्रक खडबडीत जमिनीवर उभा ठेवून, पुढची चाके हाताने किंचित अडवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत भराभर फिरवावे आणि नजर रिसिव्हरच्या दिव्यावर ठेवावी. दिवा मंदावला किंवा विझला, तर संशय आधी बीईसीवर घ्यावा. स्वतंत्र बीईसी लावल्यास ईएससीकडून रिसिव्हरकडे येणाऱ्या प्लगमधील लाल तार काढून तिचे टोक टेपने झाकावे, म्हणजे दोन पुरवठे एकमेकांवर येणार नाहीत. बीईसी ७.४ व्होल्टवर ठेवण्यापूर्वी सर्व्हो तेवढे सोसणारा आहे, हेही पाहावे. ६ व्होल्टचा सर्व्हो त्यावर जळू शकतो.

ट्रक चालता चालता थांबत असेल, तर कारण उष्णता आहे की व्होल्टेज, हे आधी ठरवावे. थांबताच प्रत्येक सेल मोजावा. सेल ३.८ व्होल्टच्या आसपास असतील, ईएससी हात ठेवता येणार नाही इतका तापला असेल आणि काही मिनिटांनी ट्रक पुन्हा नीट धावू लागत असेल, तर उष्णतेपासून संरक्षण देणारी यंत्रणा काम करत आहे. मोटरही तितकीच तापली असेल, तर मोठा ईएससी घेण्याऐवजी आधी लहान पिनियन लावावा. या बाबतीत पैसे खर्च करण्याची घाई फार जण करतात. सेल भरलेले, ईएससी थंड आणि तरीही जोरात थ्रॉटल देताच ट्रक अडखळत असेल, तर बहुधा बॅटरीची प्रवाह देण्याची क्षमता अपुरी आहे. ५,००० एमएएच (५ अँपिअर-तास) आणि २०सीची बॅटरी कागदोपत्री ५ च्या २० पट, म्हणजे १०० अँपिअर देते, प्रत्यक्षात अनेकदा त्याहून कमी. केवळ कनेक्टर तापत असेल, तर दोष कच्च्या सोल्डरचा किंवा कनेक्टरच्या मर्यादेचा समजावा. बॅटरीच्या तारा लांबवणेही टाळावे, कारण लांब तारांमुळे व्होल्टेजचे झटके वाढतात आणि त्यांचा मारा ईएससीच्या कपॅसिटरवर होतो.

लायपो वापरताना ईएससी निकेल बॅटरीच्या सेटिंगवर राहिला, तर योग्य वेळी कटऑफ मिळत नाही, म्हणजे बॅटरी उतरत आली तरी मोटरचा पुरवठा तोडला जात नाही, आणि बॅटरी खोलवर उतरून फुगते. कटऑफ प्रत्येक सेलमागे ३.२ ते ३.४ व्होल्टवर ठेवावा.

नवा ईएससी बसवल्यावर चाके जमिनीपासून उचलून, शक्य असल्यास पिनियन त्याला जुळलेल्या मोठ्या स्पर गिअरपासून दूर सरकवून, थ्रॉटलचे कॅलिब्रेशन करावे, म्हणजे रिमोटवरील थ्रॉटलची टोके ईएससीला ओळखवावीत. त्यानंतर पूर्ण थ्रॉटल दिल्यावर ईएससीचा दिवा पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे लागतो का, हे पाहूनच ट्रक जमिनीवर ठेवावा.