दोघी आई, कागदावर एक: शाळाप्रवेशाआधीची तयारी

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. परंतु याच न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतरही अशा जोडप्यांना विवाहाची मान्यता नाही आणि एकत्र दत्तक घेण्याची मुभाही नाही. त्यामुळे मुंबईत मूल वाढवणाऱ्या दोघींपैकी एकच जण कायद्याने आई असते, मग मूल एकल महिला म्हणून दत्तक घेतलेले असो वा आयव्हीएफने झालेले. दुसरीचे पालकत्व रोजच्या व्यवहारात दिसावे, यासाठी शाळाप्रवेशाची वेळ सर्वांत सोयीची असते.

प्रवेशअर्जात वडिलांच्या नावाचा रकाना आला की अनेक जणी गोंधळून मामाचे नाव लिहितात. तसे मुळीच करू नये, कारण हेच नाव पुढे प्रत्येक दाखल्यावर उतरत जाते. अविवाहित आईला वडिलांचे नाव उघड न करता पालकत्व मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच स्पष्ट केले आहे. तेव्हा जन्मदाखल्यात किंवा दत्तक आदेशात जे आहे तेच भरावे आणि ऑनलाइन अर्ज पुढे सरकत नसेल तर कार्यालयात लेखी विनंती द्यावी.

मुलाला शाळेतून नेण्यासाठी जे एस्कॉर्ट कार्ड मिळते, त्यावर मात्र दुसरीचा फोटो आग्रहाने लावून घ्यावा. ‘नाते’ या जागी ‘मावशी’ लिहिण्याचा मोह होतो, गेटवरच्या वॉचमनची शंकाही तेवढ्यापुरती मिटते. पण घरी जिला मम्मा म्हणतो तिला शाळेत मावशी म्हणायचे, हे ओझे चार वर्षांच्या मुलावर पडते. तिथे ‘पालक’ असे लिहावे. हा शब्द खोटा नाही आणि कोणाला खुलासाही मागत नाही. अर्थात घर भाड्याचे असेल किंवा नोकरीवर गदा येण्याची भीती असेल, तर कोणाला किती सांगायचे हे दोघींनीच ठरवावे; त्याबाबत इतरांनी (आमच्यासारख्या सल्ला देणाऱ्यांनीही) घाई करू नये.

वर्गशिक्षिकेची भेट ‘माझे कुटुंब’ हा पाठ सुरू होण्यापूर्वी घ्यावी. ‘आमच्या घरी आई आणि मम्मा आहेत, तो चित्रात दोघींना काढेल, तेव्हा कृपया बाबा कुठे असे विचारू नका,’ एवढे सांगितले तरी पुरते. मुलाकडूनही घरीच उत्तर तयार करून घ्यावे. ‘मला दोन आई आहेत’ हे वाक्य मुले सहज उच्चारतात. अडखळतात ती मोठी माणसे.

डॉक्टरांच्या फाइलमध्ये कायदेशीर आईचे सहीनिशी अधिकारपत्र ठेवावे, मात्र मोठ्या शस्त्रक्रियेच्या संमतीसाठी ते पुरेल असे गृहीत धरू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केल्याप्रमाणे दोघींना संयुक्त बँक खाते उघडता येते आणि एकमेकींना नॉमिनीही करता येते. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. त्यामुळे मृत्युपत्र वेगळे करावे, आपल्या पश्चात मूल कोणाकडे राहावे याबद्दलची इच्छा त्यात स्पष्ट लिहावी आणि मसुदा कौटुंबिक कायद्याच्या जाणकार वकिलाकडून तपासून घ्यावा, कारण मुलाच्या ताब्याबद्दल अंतिम निर्णय न्यायालय मुलाचे हित पाहून करते आणि नातेवाईक तिथे हरकत घेऊ शकतात.