मुंबईचा हॉब गावी बसवताना या चुका टाळा

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी डोंबिवलीच्या फ्लॅटमधला तीन बर्नरचा हॉब, म्हणजे ओट्यात बसवलेली शेगडी, आम्ही देवगडजवळच्या घरी नेला. फ्लॅटमध्ये नवा घेतला होता, जुना चांगला चालू होता, टाकायचा कशाला? प्लंबिंगची कामं करणाऱ्या एकाकडून बसवून घेतला. काकूनं मोदकपात्र चढवलं आणि ज्वाळा पात्राच्या कडेनं वीतभर वर, पिवळ्याधमक. बूड काळंकुट्ट. "तुमच्या मुंबयच्या शेगडीक माज इलो हा," काकू म्हणाली.

माज शेगडीला नव्हता, जेटला होता, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीला. डोंबिवलीला पाइपचा गॅस, गावी सिलिंडर. सिलिंडरच्या गॅसमध्ये तेवढ्याच घनफळात पाइपच्या गॅसच्या अडीच पटींच्या आसपास उष्णता असते. म्हणून पाइपच्या गॅससाठी जेटचं भोक मोठं ठेवतात. त्याच भोकातून सिलिंडरचा गॅस सोडला की तो गरजेपेक्षा कितीतरी जास्त येतो, हवा पुरत नाही आणि काजळी धरते. अर्धवट जळलेल्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइडही निघतो, आणि त्याला वास नसतो. हॉब हलवलात तर कंपनीच्या माणसाकडून प्रत्येक बर्नरचा जेट बदलून घ्या. बर्नर सुईनं कोरत बसू नका, भोक मोठं होतं.

दुसरी चूक जास्त गंभीर होती आणि ती कोणाच्या लक्षातच आली नाही. सुतारानं ओट्याखाली सिलिंडरसाठी सुंदर कपाट केलं होतं, शटर इतकं घट्ट की झुरळही शिरू नये. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर खिडकीकडे जात नाही, पाण्यासारखा खाली साचतो आणि जमिनीलगत पसरतो. आमच्या स्वयंपाकघराचं दार मागच्या पडवीत उघडतं आणि तिथे आंघोळीच्या पाण्याची चूल पेटलेली असते. कोकणात ही रचना घरोघरी दिसेल. आता सिलिंडर ओट्याच्या बाजूला उघड्यावर, उभाच, शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर असतो. कपाटातच ठेवायचा असेल तर शटरला तळाशी जाळी हवीच. फक्त वर जाळी लावून काही उपयोग नाही.

सिलिंडर ओलसर लादीवर ठेवला की खाऱ्या हवेनं त्याची खालची कडी गंजते. खाली लाकडी पाट ठेवला की पुरतं.

नळी नवीन घ्या, आयएस ९५७३ असं छापलेली सुरक्षा नळी. दीड मीटरपेक्षा लांब नको, दोन तुकड्यांचा जोड तर मुळीच नको, आणि पाच वर्षांनी बदला. ती टोकावर चढत नाही म्हणून आगीवर शेकवणारे मी पाहिलेत. थोडं साबणाचं पाणी लावा, चढते. ड्रॉवरच्या मागून ओढून घेऊ नका: दिसत नाही तिथे उंदीर कुरतडतो.

हॉब खिडकीसमोर बसवू नका. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा सुटला की बारीक आचेवर ठेवलेल्या भाताखालची ज्योत विझते, गॅस सुरूच राहतो. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारा सेफ्टी व्हॉल्व्ह असलेला हॉब मिळतो. समुद्राकाठच्या घरात त्याचे जादा पैसे वसूल.

जोडणी झाल्यावर शेगडीची सगळी बटणं बंद, रेग्युलेटर चालू, आणि प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावा. बुडबुडा फुगला तर तिथे गळती. काडी ओढून तपासणारे शूर लोक अजून आहेत, त्यांना ओट्यापाशी येऊ देऊ नका. वास आला तर रेग्युलेटर बंद, मागची चूल विझवायची, दारं-खिडक्या उघडायच्या. दिव्याच्या बटणाला हात नाही, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. बाहेर अंगणात जाऊन १९०६ या गॅसगळतीच्या आपत्कालीन नंबरवर फोन करा.

जेट बदलल्यावरही ज्योतीत मधूनच नारिंगी ठिपके दिसतात. आमटी उतू गेली की हमखास, कारण मिठातल्या सोडियमनं ज्योत पिवळी-नारिंगी होते. लगेच मिस्त्रीला बोलावू नका. टोप गार झाला की बुडावरून बोट फिरवा. बोट काळं झालं तरच फोन.