आरोग्यविषयक लेख जबाबदारीने कसा लिहावा: सर्पदंशाचे उदाहरण घेऊन

आरोग्यावरचा लेख वाचक निवांतपणे वाचतो, असे लिहिणारा धरून चालतो. पण इंटरनेटवर तो शोधणाऱ्याच्या घरात बहुतेक वेळा कुणीतरी आजारी असते आणि पुढच्या पाच मिनिटांत काय करायचे एवढेच त्याला हवे असते. म्हणून असा मजकूर लिहिताना प्रत्येक वाक्याला एक प्रश्न विचारायचा: हे वाचून माणूस आता काय करेल? बाकीचे सगळे नियम या प्रश्नातूनच निघतात. कसे, ते सर्पदंशावरचा एक लेख तयार करत पाहू. पावसाळा लागला की या विषयावर भरभरून लिहिले जाते आणि त्यात त्याच त्या जीवघेण्या चुका पुन्हा येतात.

पायरी १: जे करायचे ते आधी सांगा

लेखाच्या पहिल्या चार ओळींत कृती हवी. धीर द्या. चावलेला हात किंवा पाय फळीचा आधार देऊन हलणार नाही असा ठेवा. सूज चढण्याआधी अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ काढा. १०८ ला फोन करा आणि सर्पविषावरची लस जिथे असते अशा सरकारी रुग्णालयात लवकरात लवकर न्या. जखम कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका, साप पकडायला धावू नका. नागपंचमी, सापांचे प्रकार, विषाचे रसायनशास्त्र हे सगळे त्यानंतर.

इथेच एक काळजी घ्यावी. गैरसमज खोडून काढताना तो मथळ्यात देऊ नका. ‘कडुलिंबाचा पाला गोड लागला तर विष चढले?’ असा मथळा दिला की लोक तेवढ्याच ओळीचा फोटो काढून गटागटांत पाठवतात. खुलासा मागे राहतो, पाला पुढे जातो. बरोबर गोष्ट मथळ्यात, चुकीची समजूत आत.

पायरी २: माहिती आपल्या मुलखाची आहे का, ते बघा

स्रोत विश्वासार्ह असला की झाले, असे नाही. ऑस्ट्रेलियातली अधिकृत प्रथमोपचाराची माहिती वाचा: चावलेल्या हातापायाला दाब देऊन पूर्ण पट्टी गुंडाळायला सांगतात. तिथे ते योग्यच आहे, कारण तिथले धोकादायक साप मुख्यतः नागाच्या कुळातले आहेत. आपल्याकडे घोणस आणि फुरसेही चावतात. त्यांच्या विषाने चाव्याच्या जागचे मांस कुजते आणि तिथे दाब दिला तर नुकसान वाढू शकते. उत्तम संकेतस्थळावरून प्रामाणिकपणे भाषांतर करूनही लेख घातक होतो तो असा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची सर्पदंश उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, जागतिक आरोग्य संघटनेची दक्षिण-पूर्व आशियासाठीची वेगळी पुस्तिका आहे. आधी ती वाचावीत. आपल्या मातीतले संशोधनही कमी नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे विंचूदंशावरचे काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आहे.

पायरी ३: ‘शंभर जणांना गुण आला’ हे कसे तपासावे

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्यायला हवा. अमुक गावातला माणूस मुळी उगाळून देतो आणि सर्पदंशाचे रुग्ण बरे होतात, अशी माहिती तुमच्याकडे येते. सांगणारा खोटे बोलत नसतो; त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. मग विचारायचे, मुळी दिलीच नसती तर काय झाले असते?

आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असे नाही. म्हणजे मुळी असो, मंत्र असो की नुसते पाणी, चावलेल्यांपैकी पुष्कळ माणसे वाचणारच. ज्याच्या अंगात खरोखर विष गेले, त्याचे मात्र त्या उपायात तास गेले आणि त्याची गोष्ट सांगायला तो परत आला नाही. मधुमेहावरचा काढा, मुतखड्यावरचा रस, काविळीवरची गळ्यातली माळ, सगळ्यांना हाच प्रश्न लावा. काविळीचे कितीतरी रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात.

हे लिहिताना मांत्रिकाकडे गेलेल्या कुटुंबाची टवाळी करू नका. लस असलेले रुग्णालय लांब असते, रात्री गाडी मिळत नाही, आणि हाकेच्या अंतरावर एक माणूस धीर देतो. ते अंतर लेखात आले पाहिजे, नाहीतर ज्याच्यासाठी लिहिले तोच वाचायचे सोडून देईल.

उलट बाजूची चूकही तितकीच वाईट. ‘सूज नसेल तर घाबरू नका’ हे वाक्य कितीतरी लेखांत सहज येते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दुखत नाही, सूज नाही, दातांची खूणही धड दिसत नाही. काही तासांनी पोटात दुखते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, पुढे श्वास थांबतो. धीर देणारे ते एक वाक्य अशा घरात वाचले गेले तर काय होईल, याचा विचार करून ते खोडा.

पायरी ४: आकड्याबरोबर त्याचे मूळ द्या

‘भारतात दरवर्षी ५८,००० लोक सर्पदंशाने मरतात’ हा आकडा सगळीकडे दिसतो. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातला आहे: २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख मृत्यू, त्याची ही सरासरी. घरोघरी जाऊन, नातेवाइकांना विचारून मृत्यूचे कारण ठरवले होते, म्हणून तो रुग्णालयांतल्या नोंदींपेक्षा कितीतरी मोठा आहे. ही दोन वाक्ये जोडली की वाचकाला दोन आकड्यांतला फरक कळतो. ‘यंदा ५८,००० मृत्यू’ असे लिहिले तर ते चूक आहे.

पायरी ५: योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारा

साप ओळखण्यासाठी जाणकार सर्पमित्र, उपचारांसाठी सर्पदंशाचे रुग्ण प्रत्यक्ष पाहणारा डॉक्टर. दोघांची कामे एकमेकांना देऊ नका. आणि डॉक्टरांना ‘एकदा नजर टाका’ म्हणून लेख पाठवू नका. नजरच टाकली जाते. नेमके वाक्य समोर ठेवा: ‘लस सर्व विषारी सापांवर चालते, हे बरोबर आहे का?’ मग कळते की आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावर बनवलेली असते, सह्याद्रीतल्या चापड्यावर नाही. तपासणाऱ्याचे नाव, पदवी आणि तपासल्याची तारीख लेखावर द्या.

पायरी ६: चित्राचीही तपासणी करा

मण्यार म्हणून कवड्याचा फोटो छापलेला मी वारंवार पाहतो. दोन्ही गडद अंगाचे, दोघांवर पांढरट पट्टे. मण्याराचे पट्टे शेपटीकडे ठळक आणि मानेकडे विरळ होत जातात. बिनविषारी कवड्याचे उलट, डोक्याकडे ठळक आणि मागे पुसट. चुकीच्या फोटोने बिनविषारी साप मारला जातो किंवा विषारी साप हातात घेतला जातो. संगणकाने तयार केलेले सापाचे चित्र तर वापरूच नये. त्यातले पट्टे कोणत्याच सापाचे नसतात.

पायरी ७: रुग्णाची परवानगी

कुजलेल्या पायाचा फोटो परिणाम करतो, हे खरे. पण परवानगी घेताना ‘पेपरात येईल’ एवढे सांगून भागत नाही. हा फोटो वर्षानुवर्षे शोधला की सापडेल, कुणीही पुढे पाठवेल, हे समजावून सांगा आणि लेखी संमती घ्या. मूल असेल तर पालकांची घ्या आणि चेहरा तरीही दाखवू नका. नुसते नाव बदलून ओळख लपत नाही. गाव, वय आणि ‘शिक्षिकेचा मुलगा’ एवढे दिले की पंचक्रोशीला कळते.

पायरी ८: पैसा कुणाचा, ते लिहा

साप पळवणारी पावडर विकणाऱ्याने लेखासाठी पैसे दिले असतील तर ते सुरुवातीलाच, ठळक लिहा. त्याने मजकुरात बदल सुचवला तर नाही म्हणा. काही जाहिराती पैसे जाहीर करूनही छापता येत नाहीत: १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानुसार मधुमेह, कर्करोग अशा यादीतल्या आजारांवर उपचाराचा दावा करणारी औषधाची जाहिरात करायला बंदी आहे.

पायरी ९: तारीख आणि दुरुस्ती

लेख पुन्हा कधी तपासणार ते आधीच ठरवा. सर्पदंशासाठी दर मे महिना ठीक, म्हणजे पावसाआधी फोन क्रमांक आणि रुग्णालयांची नावे चालू आहेत का ते बघता येते. चूक सापडली तर गुपचूप बदलू नका. आधी काय लिहिले होते, आता काय आहे आणि कोणत्या तारखेला बदलले, हे लेखाच्या वरच्या बाजूला द्या, तळाला नाही. जुना मजकूर ज्या गटांत तुम्ही स्वतः पाठवला होता, तिथे दुरुस्तीही पाठवा.