रेलरोडवर आयुष्य काढलेल्या आणि आर्मीत राहून आलेल्या घरच्या माणसावर लिहायचं असेल तर

माझे सासरे गेले तेव्हा फ्युनरल होमवाल्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं की ऑबिच्युअरी, म्हणजे गेलेल्या माणसाबद्दल पेपरात छापायचा मजकूर, कोण लिहिणार, आणि घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण लिहिण्याचं काम सुनेला जमतं असं त्यांनी केव्हाच ठरवून टाकलेलं. मी अमेरिकेत येऊन बरीच वर्षं झाली तरी हे पहिल्यांदाच करत होते. इथल्या घरात लग्न करून आलेल्या आपल्या पुष्कळ मुलामुलींवर ही वेळ येते, म्हणून जे मला धडपडत कळलं ते लिहून ठेवतेय. सासरे आर्मीत दोन वर्षं, त्यातलं एक व्हिएतनामला, आणि मग १९७० पासून छत्तीस वर्षं मालगाडीवर.

पहिलं काम म्हणजे लिहायला बसू नका, आधी कागद शोधा. इथे जाणं आणि फ्युनरल यात बहुतेक वेळा चार-पाच दिवस असतात तेवढे पुरतात. सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे डीडी-२१४, आर्मीतून सुटताना मिळतो तो. कुठल्या तारखेला भरती, कुठल्या तारखेला सुटका, रँक काय, मेडल कोणती, सगळं त्यात असतं. जुनी माणसं हा कागद जपून ठेवतात, आमच्याकडे गाडीच्या टायटलच्या, म्हणजे मालकीच्या कागदाच्या, पाकिटात सापडला. नसेलच सापडत तर सेंट लुईसला नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटर आहे तिथे एसएफ-१८० फॉर्म भरून मागवता येतो, नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं असा जवळचा वारस असेल तर बहुतेक वेळा फी लागत नाही. पण माणूस जुन्या काळातला असेल, कोरियाच्या युद्धातला वगैरे, तर मनाची तयारी ठेवा. १९७३ च्या जुलैमध्ये त्या इमारतीला मोठी आग लागली आणि एक कोटी साठ ते ऐंशी लाख फायली गेल्या, १९१२ ते १९६० या काळात आर्मीतून सुटलेल्यांचे साधारण ८० टक्के रेकॉर्ड त्यात जळाले. अशा वेळी घरातले फोटो, पत्रं, युनिफॉर्मवरचे बिल्ले यावरूनच जुळवावं लागतं.

हा कागद फक्त लिहिण्यासाठी नाही, फ्युनरल होमला तो लगेच द्या, कारण मिलिटरी ऑनर्स, म्हणजे लष्करी मानवंदना, त्यावरच मिळतात. २००० सालापासून कायद्यानेच कुटुंबाचा तो हक्क आहे, पण मागावे लागतात, आपोआप कोणी येत नाही. कमीत कमी दोन जण युनिफॉर्ममध्ये येतात, त्यातला एक त्याच दलाचा, झेंड्याची त्रिकोणी घडी घालून बायकोच्या नाहीतर मुलांच्या हातात देतात आणि बिगुलवर टॅप्स ही निरोपाची धून वाजते. चोवीस सूर आहेत फक्त. मी त्याआधी सिनेमातच ऐकलेलं, समोर उभं राहून ऐकताना माझे हातपाय गार पडले. व्हेटरन्स अफेअर्स या माजी सैनिकांच्या सरकारी खात्याकडून थडग्याचा दगडही फुकट मिळतो, खाजगी दफनभूमीत तो बसवायचा खर्च मात्र घरच्यांचा.

आता लिहिण्यात आपली मराठी माणसं जिथे हमखास चुकतात ते सांगते, कारण मीही चुकत होते. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये मी "आर्मीतून रिटायर झाले" असं लिहिलं, आणि दिराने ते लगेच खोडलं. आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण रिटायर्डच म्हणवला जातो, इथे मिलिटरी रिटायर्ड म्हणजे साधारण वीस वर्षं काढून पेन्शन घेतलेला माणूस. दोन वर्षं ड्राफ्टवर, म्हणजे सक्तीच्या भरतीत, जाऊन आलेल्याला व्हेटरन म्हणायचं, ऑनरेबली डिस्चार्ज्ड, म्हणजे सन्मानाने सुटलेला, म्हणायचं. तसंच व्हिएतनामच्या काळात जर्मनीत किंवा टेक्ससमध्ये ड्यूटी केलेला माणूस "व्हिएतनाम एरा व्हेटरन", प्रत्यक्ष तिथे गेलेला "व्हिएतनाम व्हेटरन". फरक एका शब्दाचा, पण त्यांच्या मित्रांच्या लेखी तो फार मोठा आहे, चुकलं तर दफनभूमीत उभे असलेले म्हातारे लोक काही बोलत नाहीत पण दुखावतात.

रेलरोडचंही तेच. कंडक्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तिकीट फाडणारा येतो. मालगाडीचा कंडक्टर म्हणजे त्या गाडीची सगळी जबाबदारी ज्याच्यावर तो, आपल्याकडच्या गार्डच्या जवळचा. इंजिनियर म्हणजे इंजिन चालवणारा, डिग्रीवाला नव्हे. ब्रेकमन, स्विचमन, कारमन, सिग्नल मेंटेनर, ट्रॅक गँग ही सगळी वेगवेगळी कामं आहेत आणि ज्याने जे केलं त्याला तेच नाव लागतं, नुसतं "रेल्वेत होते" लिहिलं तर त्यांच्या बरोबरच्यांना काहीच कळत नाही. कंपनीचं नावही तपासा. सासऱ्यांना पेन सेंट्रलने घेतलं, १९७६ ला ती कॉनरेलमध्ये गेली, १९९९ ला कॉनरेल सीएसएक्स आणि नॉरफोक सदर्नमध्ये वाटली गेली. माणूस त्याच यार्डात, पगाराच्या चेकवरचं नाव दोनदा बदललं. मी आधी फक्त शेवटचं नाव लिहिलेलं, त्यांचा जुना इंजिनियर फोनवर म्हणाला की आम्ही स्वतःला शेवटपर्यंत कॉनरेलचेच समजायचो, ते लिही.

असे फोन जरूर करा. बरोबरचे लोक, युनियनची तिथली शाखा, आर्मीतला एखादा मित्र, तीन-चार फोन पुरतात. "ते कसे होते" असं विचारू नका, सगळे "खूप चांगले" म्हणतात आणि संपलं. असं विचारा की रात्री गाडीवर काय खायचे, कुठल्या गोष्टीवर चिडायचे, कोणाला काय शिकवलं. मला असं कळलं की नव्या पोराला ते पहिल्या दिवशी एकच सांगायचे, डब्यांच्या मधे जायच्या आधी इंजिनियरला रेडिओवर सांग आणि त्याचं उत्तर येईपर्यंत पाय हलवू नकोस. हे सांगणारा पोरगा आता स्वतः पन्नाशीचा आहे.

आणि घरात टाइम बुक शोधा! यासाठीच मी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. रेलरोडवाल्यांचा पगार मैल आणि तासांवर ठरायचा, म्हणून बरेच जण खिशात मावेल अशी छोटी वही ठेवायचे, कधी ड्यूटीवर गेलो, कुठलं इंजिन, बरोबर कोण, कधी सुटलो, चेक आला की ताडून बघायला. सासऱ्यांच्या ग्रिपमध्ये, ते लोक कामावरच्या बॅगेला ग्रिप म्हणतात, अशा एकतीस वह्या निघाल्या रबरबँड लावलेल्या. सगळीकडे पेन्सिलीने आकडे आणि आकडे. १९७८ च्या वहीत एका ओळीत ड्यूटी संपल्याची वेळ, ०३:४०, आणि खाली लिहिलंय "मुलगी. ७ पौंड २. घरी ०५:१५." मग तीन दिवस कोरे. छत्तीस वर्षांत सुट्टीशिवाय तीन दिवस कोरे मला दुसरीकडे कुठे दिसले नाहीत.

हे वाचल्यावर मी ड्राफ्टमधलं "कुटुंबवत्सल" या अर्थाचं सगळं काढून टाकलं. प्रत्येक ऑबिच्युअरीत तो शब्द असतो. रेलरोडवाल्याच्या बाबतीत तर तो लिहिताना अडखळायलाच होतं, कारण हा माणूस घरात नसायचाच, एक्स्ट्रा बोर्डवर, म्हणजे ठरलेली गाडी नसलेल्या बदली माणसांच्या यादीत, असला की फोन कधीही यायचा, दीड-दोन तासांत हजर, ख्रिसमस असो की मुलाची मॅच. मग वत्सल कसा? तर तो घरी कसा पोचायचा ते लिहा. आमचे सासरे दुसऱ्या गावी विश्रांतीला थांबले की तिथल्या फोनवरून रोज संध्याकाळी मुलांना गणितं सोडवून द्यायचे. मुलाच्या ग्रॅज्युएशनला पाठीमागे कामाच्या बुटांत उभे होते, एका फोटोत ते बूट दिसतात. अशा दोन गोष्टी घाला, विशेषण एकही लागत नाही.

पेपरमध्ये ओळींवर पैसे लागतात म्हणून दोन लिहा, एक छोटी पेपरला, एक मोठी घरच्यांसाठी. छापायच्या ऑबिच्युअरीत पूर्ण जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव, घरचा पत्ता घालू नका, गेलेल्या माणसाच्या नावावर फसवणूक करणारे हेच गोळा करतात. आधी गेलेल्यांची नावं, मागे राहिलेल्यांची नावं दोघांना वाचायला लावा, एखादं नातवंड राहून गेलं तर ते कायम लक्षात राहतं.

आणि गडबडीत राहून जातं ते म्हणजे रेलरोड रिटायरमेंट बोर्डला कळवणं. या लोकांची पेन्शन इतरांसारखी सोशल सिक्युरिटी या सरकारी योजनेकडून नाही तर शिकागोच्या या बोर्डाकडून येते. ज्या महिन्यात माणूस जातो त्या महिन्याची पेन्शन त्याच्या नावाने देय नसते, आली तर परत जाते, ती खर्च करून बसू नका. विधवेचं वेगळं मिळतं, त्यासाठी त्यांच्याशी लगेच बोला.

पाठवायच्या आधी घरातल्या सगळ्यात जवळच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा, कागद हातात देऊ नका, त्या दिवसांत डोळे चालत नाहीत. मी सासूबाईंना स्वयंपाकघरात वाचून दाखवली. त्या शेवटपर्यंत गप्प होत्या, मग म्हणाल्या, रात्री दोनला कॉल आला की आधी मी उठायचे, थर्मास भरून मग त्याला उठवायचे, त्याला तेवढी दहा मिनिटं झोप जास्त मिळायची, हे कुठे आहे? मी पेन घेतलं आणि बायकोच्या नावाच्या पुढे ते लिहिलं.